अकरा पॉइंट आठ

बॅटरी एक, मागणारे सगळे.
वर छापलंय शंभर अँपिअर-अवर.
पोरगी म्हणते, बाबा, पन्नासच समजा,
बाकीचे पन्नास तिच्या जिवासाठी.
साकोलीच्या आयटीआयमधून ती हे शिकून आली
आणि प्रत्येक स्विचखाली ऑइलपेंटनं आकडा लिहून गेली:
दिव्यांची माळ दोन, पंखे तीन, गार डबा चार,
अँप्लिफायर नऊ, त्याला लाल गोल.
कोपऱ्यात एकटा तळाचा पंप. पाच.
त्याच्याखाली: हा बंद करायचा नाही.

माझ्या बापाच्या डोंग्यात स्विच नव्हता.
पाणी आलं की टिनाच्या डब्यानं उपसायचा,
तोंडातली बिडी विझू न देता.

काल अर्जुनीचे पाहुणे. पोराचा वाढदिवस.
आठ फोन चार्जिंगला, केक गार डब्यात,
गाणं एवढं मोठं की बेटावरचे पाणकावळे उठून गेले.
"मामाजी, आवाज वाढवा ना!"
मीटर पाहिलं. बारा पॉइंट तीन. वाढवला.

परतताना अंधारलं. अकरा पॉइंट आठ.
आणि पायाखालची फळी ओली,
त्याच सांध्यातून, जो मी पोळ्याच्या आधी
बुजवणार होतो.

गावात लाइट घालवणारा दिसत नाही,
शिव्या खातो बिचारा लाइनमन धनलाल.
इथं तो मीच, दोन हातांवर बसलेला.
आधी गाणं घालवलं.
"कायले बंद केलं?"
मग पंखे. मग डबा; केक संपला होता, बरं.
मग माळ.
नाकावरचा एक दिवा ठेवला, आणि पंप.

इंजिन दोरीनं सुरू होतं, त्याला कुणाचं काही नको.
ते भकभकत राहिलं. माणसं गप्प.
फोनवर उजळलेले चेहरे एकेक करून विझले.
मग तळात पंपानं घसा खाकरला
आणि बाजूच्या नळीतून बांधाचं पाणी बांधात पडू लागलं,
जाड, मग बारीक,
मग नुसतं थुंकल्यासारखं.

वाढदिवसाचा पोरगा नळीपाशी उकिडवा बसला.
"हे आपल्या आतलं पाणी हाय का जी?"
हो म्हटलं.
"केवढं आलं होतं?"
मी सुकाणू नीट धरलं.

काठावर पोरगी टॉर्च घेऊन उभी.
दोर हातात घ्यायच्या आधीच तिनं विचारलं,
"किती?"
"चौदा," म्हणालो, "लहान पोरगा धरून."
तिला व्होल्ट विचारायचे होते.