ई गावातली प्रत

केमीहून निघालेल्या रुग्णवाहिकेत
एक बाई आडवी, सातवा महिना,
पोटावर पट्टा.
आतल्या इवल्या काळजाची टकटक
पट्टा बाहेर कुणाला तरी ऐकवतो आहे.

ते कुणीतरी म्हणजे माणूस नव्हे.
रस्त्याकडेच्या टॉवरखाली, बर्फात अर्धी बुडालेली
फ्रिजएवढी पेटी, आणि पेटीत राहणारी सेवा:
ठोके वाचते, चुकला तर ओरडते.
दूरच्या शहराला विचारून यायला वेळ नाही,
म्हणून तिला शेजारी ठेवलेलं.

पण शेजार ताशी शंभरनं मागे पडतो.

औलूत, रात्रपाळीला, राइली हन्नुक्सेला.
तिचं काम बिऱ्हाडं हलवायचं.
सिमोच्या पेटीतून कुइवानिएमीच्या,
तिथून पुढच्या,
आणि चूल विझू द्यायची नाही.
आधी माळ्यावरचं सामान, ज्याला कुणी हात लावत नाही,
मग रोजचं.
पण पाठवावं तोवर नवे ठोके आलेले,
पाठवलेलं शिळं,
पुन्हा पाठवा. पुन्हा.
शेवटी एक मूठ उरते.
तेव्हा जुनं थांबतं, नवं सुरू व्हायचं असतं,
आणि साठ मिलिसेकंद
सेवा कुठेच नसते.

अहवालात राइलीनंच लिहिलंय: नगण्य.

पुढचं गाव ई.
हो, एवढंच नाव. एक दीर्घ स्वर, बाकी नदी.
वाट ओळखणाऱ्या गणितानं सांगितलं, ई,
आणि सगळं सामान आधीच तिकडे रवाना.

पुलाअलीकडे लाकडांचा ट्रक आडवा.
चालक ताइस्तोनं काही न विचारता
गाडी ओईयार्वीच्या जंगलवाटेला घातली.

तिथे एकच टॉवर. पेटी गच्च.
बर्फ उपसणाऱ्या यंत्राचा नकाशा,
कुण्या दुग्धशाळेचे हिशेब,
आणि एका पोराचा खेळ.
राइलीनं पोराला बाहेर काढलं.
(कुठेतरी एक पडदा गोठला,
आजी झोपलीय हे विसरून कुणी शिवी हासडली.)

आता मूठ.
राइली थांबली.
मिनिटाला एकशे चाळीस ठोके,
दोन ठोक्यांमध्ये चारशेहून जास्त मिलिसेकंदांची फट.
एक ठोका जाऊ दिला.
आणखी एक.
मग त्या फटीत बिऱ्हाड सरकवलं,
झोपलेल्या मुलाखालून चादर काढावी तसं.

गाडीत बाईनं विचारलं, ऐकू येतंय ना?
परिचारिका ओउती म्हणाली, येतंय की.
तिला काही कळलंच नव्हतं.

राइलीनं कॉफी तोंडाला लावली. गार ढोण.
सिमोची जुनी प्रत पुसली, कुइवानिएमीची पुसली.
ई मधली राहिली.

कुइवानिएमीपर्यंतचा प्रत्येक ठोका पाठ करून
ती दारात उभी होती,
न येणाऱ्या गाडीच्या वाटेकडे कान लावून.
राइलीचं बोट कळीवर गेलं,
आणि उगाच,
एक मिनिटभर,
तिथंच थांबलं.