निमकी

बामणोलीहून लाँच सुटली तेव्हा साडेतीन झाले होते.
मांडीवर मशीन, पायाशी शाईची पिशवी,
समोर शेलार हवालदार, आणि मुल्ला मॅडम,
ज्यांना पाण्याची भीती वाटते म्हणून त्या
सबंध वाट मतदारयादीच वाचत राहिल्या.
एकशे अडुसष्ट नावं. त्यातले त्र्याऐंशी उतेकर.

रात्री शाळेत वीज नव्हती.
इथलं पाणी डोंगरापलीकडे जाऊन
कुणाकुणाच्या घरात पंखे फिरवतं,
आम्ही मोबाईलच्या उजेडात पिठलं खाल्लं.
झोप येईना, म्हणून मी, गणिताचा मास्तर,
नाउरूची गोष्ट काढली.

लांबच्या समुद्रातलं एकटं बेट,
आख्खा देश कराडच्या दोनचार वॉर्डांत मावेल.
पण तिथे एका नावावर खूण करून सुटका नाही.
सगळ्यांना क्रमांक द्यायचे.
पहिल्याला एक मत, दुसऱ्याला अर्धं,
तिसऱ्याला एक तृतीयांश, चौथ्याला पाव,
असं उतरत उतरत तळापर्यंत.
"ज्याचं तोंड बघायचं नाही, त्यालाबी?" शेलार उठून बसला.
त्यालाही. सातवा ठेवलात तर एक सप्तमांश.
एक नाव गाळलंत की मतपत्रिका बाद.
"आमच्या भावकीत अशी वाटणी झाली असती,"
एवढंच म्हणाला, आणि कूस बदलली.
बराच वेळ त्याच्या जागं असण्याचा आवाज येत होता.

सकाळी सरपंचपदाला तिघं: कपबशी, छत्री, शिट्टी.
तिघांचे प्रतिनिधी एकाच बाकावर,
एकाच पुडीतली तंबाखू मळत.

अकराच्या सुमारास ठकूबाई आल्या.
यादीत वय एक्क्याऐंशी, त्यांच्या मते नव्वदीच्या पुढे,
कारण पाण्याखालच्या गावात त्या नांदायला आल्या
तेव्हा तिथे पिकती जमीन होती.
मशीनकडे बघून म्हणाल्या,
"आक्खं मत एकालाच घालायचं?"
हो आजी.
"ह्यो माज्या दिराचा नातू. त्यो भाचीचा पोरगा.
आन् ती पोरगी, मला कावीळ झाली तवा
रातच्याला तिनंच होडी वल्हवली…"
आजी, नावं घेऊ नका, मत गुप्त असतं.
"म्या कुठं नाव घेतलं?"
बाकावरचे तिघेही जमिनीकडे बघत होते.
"आर्दं त्याला, पाव ह्याला, असं न्हाई व्हत?"

रात्रीची गोष्ट त्यांना कुणी सांगितली नव्हती.
मुल्ला मॅडमनी माझ्याकडे पाहिलं.
मी केंद्राध्यक्षाच्या आवाजात म्हणालो,
एकच बटण, आजी.

पुठ्ठ्याच्या आडोशामागे त्या इतका वेळ उभ्या राहिल्या
की बाहेरची रांग कुजबुजायला लागली.
नुसतीच पावलं दिसत होती,
एकदा डावीकडे सरकलेली, एकदा परत.
मग ती लांबलचक शिट्टीसारखी बीप,
जी तिन्ही चिन्हांना सारखीच वाजते.
बाहेर आल्या. शाईचं बोट उन्हात धरून म्हणाल्या,
"झालं? येवढंच?"

साडेपाचला हिशेब जुळला.
एकशे एक्केचाळीस. बाकी शून्य.
मशीनला लाख लावताना माझं बोट पोळलं.

परतीच्या पाण्यात मी मनातल्या मनात
वडिलांनी घोकून घेतलेली निमकी म्हणत होतो,
एक निमे अर्धा, बे निमे एक, तीन निमे दीड.
शाळेत मी ती कधी शिकवली नाही,
अभ्यासक्रमात नाही म्हणून.
तिन्ही नावांना क्रमांक लावून पाहिले,
एकशे एक्केचाळीस वेळा, निरनिराळे.
दरवेळी कुणीतरी वेगळंच सरपंच होत होतं,
आणि हरलेल्याच्या पदरातही
काहीबाही उरत होतं, तीन दशांश स्थळांपर्यंत.

"सर, त्या बेटावर पेट्या न्यायला लाँच लागते का?"
शेलारनं एकदम विचारलं.
नाही, म्हणालो.
बेटाच्या कडेनं एकच रस्ता आहे.
मधलं सगळं खतासाठी खणून नेलं परदेशांनी.
त्या रस्त्यानं गाडी काढली की अर्ध्या तासात
निघालो तिथेच परत.

तो मान डोलावत राहिला.
मग खाली वाकून
पाण्यात बघायला लागला.