आशय, एका ओळीत

फॉर्मवर चार रकाने:
नाव. कलम. हरकत की पाठिंबा. आशय, एका ओळीत.
किसी गावच्या काउंटी सभागृहात सकाळी आठपासून
मी, केमुंतो ओंगेरी, हंगामी लेखनिक,
माणसांच्या ओळी करत बसले आहे.
दिवसाचे नऊशे शिलिंग, जेवण आपलं आपण.

नैरोबीहून आलेले साहेब म्हणाले,
कराचा पाया रुंद करायचाय.
पडद्यावर पिरॅमिड उमटला, खालचा थर हिरवा.
मागून कुणीतरी ओरडलं,
पाया रुंद होतोय साहेब, पण पाय ठेवायला जागा कुठंय?
हशा पिकला. साहेबही हसले, बाटलीतलं पाणी प्यायले.
मी लिहिलं: खुलासा मागितला.

प्रत्येकाला दोन मिनिटं.
शिपायाच्या मोबाइलमध्ये कोंबडा आरवला
की वाक्य कुठंही असो, बसायचं.

तबाकाचा ओंचारी उठला,
भुवयांवर शंखजिऱ्याची पांढरी भुकटी.
म्हणाला, पॉलिशचा कागद दुप्पट झाला,
पाणघोडा मात्र गेल्या साली होता तेवढ्यालाच जातो.
गोऱ्या पाहुण्याला पाठ असतं पाणघोड्याचं किती द्यायचं.
वर तुम्ही म्हणता, प्रत्येक विक्रीची पावती फाड.
फाडतो. पण जो पाणघोडा कोरताना मानेत तुटला
त्याची कुणाच्या नावानं फाडू?
मी लिहिलं: लघुउद्योगास सूट द्यावी.

मग मोगाका मास्तर, निवृत्त, टाय लावून.
कर हवाच, म्हणाले.
सभागृह खवळलं. मास्तर थांबले,
वर्ग गप्प होईपर्यंत थांबायची सवय जुनी.
दवाखाना हवा, रस्ता हवा, माझी पेन्शनही हवी,
आणि द्यायचं कुणीच नाही?
फक्त ज्यांच्या हेलिकॉप्टरची सावली
दर रविवारी माझ्या मक्यावरून जाते
त्यांची पावती एकदा मला वाचून दाखवा.
चष्मा मी घरून आणलाय.
मी लिहिलं: पाठिंबा, सशर्त.
सशर्त या शब्दात हेलिकॉप्टर मावलं. मला नवल वाटलं.

सव्वा वाजता बोसिबोरी.
बसस्टँडच्या मागे मांदाझी तळते.
तिनं पिशवीतून दोन पेले काढून टेबलावर ठेवले,
एक इनॅमलचा, एक खोकल्याच्या औषधासोबत येतो तो.
पूर्वी पीठ ह्यानं कापायची, म्हणाली. आता ह्यानं.
दहा शिलिंगला एक. तेव्हाही, आताही.
भाव मी वाढवला नाही.
शाळेतली पोरं विचारतात, मावशी, मांदाझी आजारी आहे का?

एवढंच.
अजून दीड मिनिट शिल्लक होतं
आणि ती ते वापरत होती, उभी राहून, काही न बोलता.
पंखा फिरत होता. साहेबांनी विचारलं, कलम कोणतं?
शिपायानं मोबाइलकडं पाहिलं.
कोंबडा आरवला तेव्हा आम्ही सगळेच दचकलो.

पेले ती तिथंच विसरली, की ठेवून गेली, कोण जाणे.

माझं पेन तिच्या रकान्यावर थबकलं.
महागाई? लिहून पाहिलं, खोडलं.
क्रयशक्ती? शाळेत ह्या शब्दाला मी दोन गुण मिळवले होते.
मग मोठा पेला कागदावर उपडा ठेवला
आणि कडेनं पेन फिरवलं. मग लहान.
ओळच झाली की,
फक्त वळून आपल्यापाशी परत आली.

संध्याकाळी पाकीट मिळालं: आठशे पंचावन्न.
पाच टक्के उगमस्थानी कपात, असं खाली बारीक अक्षरात.
मी सही केली. हरकतीचा रकाना त्या कागदावर नव्हता.

साहेबांच्या मदतनिसानं गठ्ठा चाळला,
माझ्या वर्तुळांवर बोट ठेवून म्हणाला,
इथं चहा सांडला का?
मी म्हटलं, नाही, निवेदन आहे.
त्यानं खांदे उडवले, शिक्का उचलला.

प्राप्त,
हा शब्द मोठ्या वर्तुळात नीट बसला.
लहान्याच्या कडेबाहेर गेला.