आज फुटबॉल

पहाटे पावणेपाचला निरोप येतो : आज फुटबॉल.
मैदान कुठलं ते कुणी लिहीत नाही.
पहिल्या महिन्यात मी खरंच मैदानावर जाऊन बसले होते
दवात भिजलेल्या गोलपोस्टाखाली, पेन उघडून.
एक पोदेर सायकल थांबवून बघत राहिला,
मग भोंपू वाजवून पाव विकायला गेला.

आता कळतं.
बाणावलीच्या मागे, कापणी झालेल्या शेतात,
जिथे स्कूटर उलट्या तोंडाने लावलेल्या दिसतील
पळायला सोप्या
तिथे धिरयो.

घरात आम्ही कोंकणी बोलतो, फोंड्याची.
वहीत मी मराठी लिहिते.
प्रबंध इंग्रजीत द्यायचा आहे.
बोश्त्यांवचं एक वाक्य अशी तीन घरं बदलतं,
तिसऱ्या घरी पोचेपर्यंत
त्याच्या अंगाचा शेणाचा वास गेलेला असतो.

मी सहमतीपत्र पुढे केलं.
वीस वर्षं जहाजावर काढलेला माणूस,
चष्मा लावून त्याने मागची बाजूसुद्धा वाचली. ती कोरी होती.
"म्हजें नांव बदल," म्हणाला, "पोलीस आसात.
पूण बैलाचें बदलूं नाका."
म्हणून प्रबंधात तो माहितीदाता क्रमांक सात आहे
आणि कोळसो, कोळसोच.

नोंदी.
सकाळी कुळीथ, उकडून. झुंजीआधी आठ दिवस अंडी.
शिंगं काचेने तासतात. काच बाटलीची,
कुठल्या बाटलीची तेही आवर्जून सांगतात.
कतारमधला भाचा फोनवरून बघतो,
फोन उंच धरायला एक पोर नेमलेलं, त्याला पन्नास रुपये.
पिएदाद झुंजीला येत नाही.
बैलाला अंघोळ मात्र तीच घालते.
तुम्हाला ह्या सगळ्याबद्दल काय वाटतं, मी विचारलं.
तिने बादली माझ्या हातात दिली.

फेब्रुवारीत कोळसो हरला.
हरणं म्हणजे पाठ फिरवणं, बस्स.
गर्दी मधोमध फाटली, मी बांधावरून घसरले, वही पाटात.
कुणी ओरडलं पोलीस, कुणी ओरडलं बैल,
आणि दोन्ही येत होते.

तासाभराने तो मला दिसला.
शेताच्या कडेच्या पांढऱ्या खुरसापाशी उभा राहून
खुरसावरची झेंडूची माळ खात होता.
एक कान फाटलेला. बरगड्या भात्यासारख्या.
दोरी जमिनीवर.

सहभागी निरीक्षण, असं म्हणतात त्याला.
दोरी किती घट्ट धरायची
ते त्या प्रकरणात दिलेलं नाही.
मी धरली. आणि जीभ टाळूला लावून
एक आवाज काढला, टक् टक् टक्,
पिएदाद अंघोळीच्या वेळी काढते तसा.
कधी शिकले? वहीत तारीख नाही.
त्याने मान खाली केली, उरलेली माळ संपवली,
मग माझ्या मागून चालू लागला
किंवा मी त्याच्या पुढून.

परवा त्यांच्या स्वयंपाकघरात
इगर्जीचं कॅलेंडर बघितलं. खिळ्यावर, जुनी पानं तशीच.
तारखांच्या चौकोनांत बोश्त्यांवचं बारीक अक्षर,
रोमी लिपीतली कोंकणी :
गॅस आयलो. डॉक्टर, बैलाचो.
मग : आयली. चा घेतली ना.
आयली. खूब विचारलें.
आयली. भियेली.
आणि फेब्रुवारीत, चौकोनाबाहेर सांडलेलं,
आयली, बैलाक घेवन.

सात महिने. एकही खाडा नाही.
माझ्या नोंदींत मध्ये तापाचे नऊ दिवस कोरे आहेत,
त्याच्या कॅलेंडरात त्या नऊ दिवसांवर लिहिलंय : आयली ना.

माझं नाव कुठेच नव्हतं.
सगळीकडे नुसतं 'फोंड्याची'.
का, म्हणून विचारलं,
तर चहात पाव बुडवत म्हणाला,
पोलीस आसात मगो.