ग्रॅममधला र

हेमलताबाई अजिंक्य यांनी प्रेमपत्र कधी लिहिलं नसावं.
निदान माझ्याकडे तसा पुरावा नाही.
माझ्याकडे आहे बुटांचं एक खोकं:
माझगावच्या दवाखान्यातली एकोणीस वर्षांची लेबलं,
बोटभर रुंद, डिंकाने पिवळी पडलेली.
हलवून घेणे. जेवणानंतर. फक्त बाहेरून लावण्यासाठी.
बाटली लहान, चिठ्ठी त्याहून लहान,
म्हणून अक्षर बारीक झालं, उंच झालं,
शेजाऱ्याला न टेकता उभं राहायला शिकलं.
लोक म्हणतात, किती नाजूक.
जागा नव्हती हो.

मी त्याचा फॉन्ट केला.
खालच्या गाळ्यात लेथ सुरू झाली
की पडद्यावरचा ळ थरथरायचा,
मी बिंदू सरकवत बसायचे.
शिरोरेषा त्या मध्येच सोडतात,
खिडकीशी पुढचा रुग्ण आल्यासारखी.
ती मी जोडली नाही.

झ ढिगाने मिळाला, झोपताना मधून.
ढ एकदाच, ढवळून मध्ये.
ङ कुठेच नाही, त्याचं दुःखही नाही.
पण प्र नव्हता.
एकोणीस वर्षांत एकही प्र नाही.

आणि असं अक्षर मागतं कोण?
कांदेवाडीतले पत्रिकावाले.
त्यांचा पहिलाच शब्द: सप्रेम.

शेवटी एका चिठ्ठीवर सापडलं
५ ग्रॅम, तीन पुड्या.
ग च्या पायातली तिरकी रेघ
मी चिमट्याने उचलल्यासारखी उचलली
आणि प ला लावली.

आता त्या कुठेही भेटतात.
वांद्र्याच्या केकच्या खोक्यावर,
अत्तराच्या कुपीवर, जिथे त्यांना घरच्यासारखं वाटत असेल.
एका बँकेने विचारलं, थोडं जाड होईल का?
नाही म्हटलं.
वडाळ्याला एका बिल्डरने चाळीस फुटी फलकावर चढवलं,
दुपारच्या उन्हात बारीक रेघा गेल्या,
उरले नुसते काने, गजांसारखे.
वर्तमानपत्रात, चौथ्या पानावर,
प्रथम पुण्यस्मरण.
तिथेही तीच रेघ, शाईने किंचित फुगलेली.

पत्रिका घेऊन मी त्यांच्याकडे गेले.
ब्याऐंशी वर्षं. कार्ड हातभर लांब धरून
त्यांनी आधी मागची बाजू पाहिली,
मग पुढची, मग बोट ठेवलं.
"हा माझा नाही."
ग्रॅममधून घेतलाय, मी म्हटलं.
"मग लांब का ओढलीस?
लांब गेली की अलीकडच्या पाचाला लागते,
आणि मग पाचाचं काहीही वाचतात लोक.
एकाने वाचलं होतं."
पुढे काही बोलल्या नाहीत.
चहात साखर विचारली, चमचा सपाट भरला.

रात्री मी फाइल उघडली,
रेघ दोन बिंदू मागे घेतली.
आता प्रेम जरा आखूड दिसतं.
पत्रिकावाल्यांच्या लक्षात आलेलं नाही.