विरघळलेला प्राणवायू

फॉन डू लॅक, विस्कॉन्सिन. रात्रीचे दोन वाजून दहा.
बाहेर उणे एकोणीस, तळ्यावरून लोक गाड्या नेतात
इतका जाड बर्फ.
आत तीस अंश, आणि तीन नंबरच्या टाकीत
दहा हजार लिटर विरजण.

हो, विरजणच. पगारपत्रावर कल्चर लिहितात.
सांगलीहून मावसभाऊ हसला होता फोनवर:
दही लावायला अमेरिकेत गेलीस?
त्याला काय सांगू, इथे दही कुणी लावत नाही,
लावणारे वाढवतो आम्ही.
टाकीच्या मधोमध दोन पुरुष उंचीची रवी,
तिलाही इथे दुसरंच नाव आहे.

हवा बंद ठेवली की हे जीव
साखर अर्धीच चावतात,
उरलेली आंबट करून बाहेर टाकतात
आणि स्वतःच्याच आंबटपणात
मंद, मंदतर, थांबतात.
बरं, नुसती हवा सोडून भागत नाही.
घ्यायची कशी तेच ठाऊक नसतं त्यांना,
उलट पोळतात.

लव्हर्न क्यूल, एकतीस वर्षं याच टाक्यांपाशी,
पहिल्याच आठवड्यात म्हणाली,
"श्वासाचं सगळं यंत्र आहे गं यांच्याकडे.
एक खिळा तेवढा नाही. तो आपण द्यायचा."
खिळा म्हणजे हीम,
रक्ताला लाल करतं तेच,
एका बाटलीत, गंजलेल्या नळाच्या पाण्यासारखं दिसणारं.

ते पडलं की हवा.
मग पहाटेकडे पडद्यावरचा हिरवा आकडा कोसळू लागतो:
साठ. बत्तीस. नऊ.
पहिल्यांदा मी घाबरून सगळ्यांना उठवलं होतं.
आकडा पडतोय म्हणजे
आत कुणीतरी घेतंय,
हे कळायला एक हिवाळा गेला.
तेवढ्याच साखरेत दुप्पट वाढतात मग,
आणि थंडीत जास्त दिवस टिकतात.

लव्हर्नच्या घरी दुसरा आकडा आहे.
आर्डेल, ओतशाळेत उभं आयुष्य काढलेला,
आता नाकाला नळी, पलंगाशी घरघरणारं यंत्र,
बोटाला चिमटा.
दर सुट्टीत ती फोन करते, नमस्कार-चमत्कार नाही,
फक्त: "किती?"
तो आकडा पडलेला चालत नाही.

आज सॅम्पल घेऊन जिना उतरताना
ती मधल्याच पायरीवर बसली. चौसष्ट वर्षांची मांडी
दोन्ही हातांनी दाबत.
मी म्हटलं, आमच्याकडे याला
अंग आंबणं म्हणतात.
आंबणं म्हणजे?
मी टाकीकडे बोट केलं.
ती हसली नाही. "अगदी तेच तर होतं,"
म्हणाली, "श्वास पुरला नाही की
स्नायूसुद्धा साखर अर्धीच चावतो.
तुमच्या लोकांना कुणी सांगितलं?"
कुणी सांगणार. भारे वाहणाऱ्या कुणाला तरी
रात्री झोपताना कळलं असेल.

तीन वाजता फोन तिकडून आला.
सत्त्याऐंशी.
कोटाची बटणं तिला लागेनात, मी लावली.
टाकी बघते मी, जा.
दमानं, म्हणाले वर, मराठीतच,
रस्ता काचेसारखा झाला होता.
तिच्या गाडीचे लाल दिवे तळ्याच्या कडेनं
बराच वेळ दिसत राहिले.

मग मी, रवीचा आवाज,
आणि चौदा. अकरा.
रवीचा वेग वाढवला. हवा वाढवली.
काचेला कान लावला तर काही ऐकू येत नाही,
तरी लावला.

चारला तिचा मेसेज: ९१. झोपलाय.
वहीत प्राणवायूच्या रकान्यात
मी एक्क्याण्णव लिहून बसले.
टाकीत सहा होता.
एका रेघेनं खोडलं, खालचं वाचता यावं असं,
शेजारी आद्याक्षरं, तारीख,
नियमाप्रमाणे.