डाव्या पंखातली ओळ

स्टाफच्या पासवर एकच माणूस.
तिची आई म्हणाली, तुम्हीच जा,
मला उद्या हजार विड्या द्यायच्यात,
आणि उजेड काय, बघितला की संपतो.
म्हणून मी एकटा,
अक्कलकोट रोडच्या त्या नव्या पार्कात,
पाळण्यांच्या मधल्या रस्त्यावर,
पिवळ्या दोरीच्या अलीकडं,
इस्त्रीचा शर्ट घालून उभा.

एप्रिल. साडेआठ वाजले तरी फरशी निवली नव्हती,
चपलेतून वर येत होती दुपार.

वरलक्ष्मीनं सांगितलं नव्हतं ती कोण होणार.
ते सांगायचं नसतं, नान्ना.
आत माणूस आहे हे कुणाला कळायला नको.
तिसऱ्या खांबापाशी थांबा,
मी हात वर करीन.

मग दिवे गेले. सगळे एकदम.
आमच्याकडं दिवे गेले की माग थांबतात
आणि माणसं दारात येऊन बोलायला लागतात.
इथं उलटं, सगळे गप्प.
लांब काहीतरी हललं.

आधी हत्ती आला, निळ्या बल्बांचा, सोंडेतून धूर सोडत.
मग मोर. मग शिडं उभारलेलं जहाज,
जिथं नळाला चार दिवसांआड पाणी येतं
तिथं जहाज!
आणि लोक त्याला टाटा करत होते.
मीही केला.

गाणं मोठं असणार.
डाव्या कानानं मला काही येत नाही,
उजव्यात अठ्ठावीस वर्षांचे माग
अजून बंद झालेले नाहीत.
मला ते सगळे खटक-खट, खटक-खट याच्यावरच नाचताना दिसले.
खोटं कशाला बोलू,
ताल चुकत नव्हता.

तिसऱ्या खांबापाशी
सगळ्यांनीच हात वर केले.
हरणानं, कमळानं, चांदणीनं, दोन अस्वलांनी.
पोटची पोर, आणि मी खुळ्यासारखा
प्रत्येकाचे पाय बघतोय.

मग हंस आला.
त्याच्या डाव्या पंखात दिव्यांची एक ओळ विझलेली,
वरून चौथी.
बाकी कुणाला दिसली नसेल.
माझं पोटच तुटल्या धाग्यावर भरलं जन्मभर.
कापडात ओळ गेली की हात आपोआप माग थांबवतो,
दोन टोकं शोधतो, थुंकी लावतो, गाठ मारतो.
तिथं उभ्या उभ्या बोटं गाठ मारू लागली.
वाटलं, हीच.
गेलेली ओळ आमच्याच वाट्याला यायची.

दोन्ही हात वर केले, ओरडलो, वरूऽऽ!
हंस थांबला.
रांग सोडून एक पाऊल माझ्याकडं आला,
लांब मान वाकवली
पार माझ्या गुडघ्यांपर्यंत.
शेजारच्या बाईच्या खांद्यावरचं पोर
रडता रडता राहिलं.
मी त्या मानेवर हात ठेवला.
फोम. गरम. आतून धापा टाकणारा.

अकरा वाजता मागच्या फाटकातून ती आली,
गळ्यात माझ्याच कारखान्यातला सेकंडचा टॉवेल,
पिळला तर तांब्याभर घाम निघाला असता.
मी म्हणालो, पंख जड असतील.
ती म्हणाली, कसले पंख? मी अस्वल होते, नान्ना.
मागचं.

हंसात मेहजबीन होती.
तिच्या घरचे येत नाहीत,
घरी सांगितलंय, टॉवेल पॅकिंगला जाते.
मुंडकं काढल्याबरोबर विचारत होती सगळ्यांना,
कुणाचे अब्बा गं ते?

मग तू काय सांगितलंस?

वरूनं गाडीला किक मारली.
मी मागं बसलो.
गाडी रस्त्याला लागल्यावर ती काहीतरी बोलली,
मान वळवून, माझ्या डाव्या बाजूनं.
मी परत विचारलं नाही.
कारखान्यांच्या भिंती येईपर्यंत गप्प बसलो,
मग म्हणालो, तिला सांग,
उद्या ती ओळ जोडून घे म्हणावं.
वरून चौथी.